विहीणबाईंसाठी गार हवा

आमच्या गाडीतला एसी सहा वर्षांपासून बंद होता. गावात हे सगळ्यांना माहीत होतं, कारण उन्हाळ्यात आमची गाडी चारी काचा खाली करून जायची आणि माझा पदर खिडकीतून बाहेर फडफडत असायचा. तरीही विहीणबाईंनी फोनवर विचारलं तेव्हा मी म्हणाले, "एसी आहे की. चांगला गार आहे."

का म्हणाले? रागाच्या भरात म्हणाले. माझा राग नाकावर असतो असं लोक म्हणतात. मला स्वतःला तसं कधी वाटलेलं नाही, पण एवढी माणसं खोटं कशाला बोलतील.

झालं होतं असं. माझी एकुलती एक लेक पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. तिला सातव्या महिन्यातच आणायची होती, पण तिची बी.एड.ची परीक्षा आडवी आली. आठव्या महिन्यात आमच्याकडं पोटुशीला घरातून हलवत नाहीत. राहिला नववा, आणि तो लागत होता ऐन मे महिन्यात. जावई पुण्याला नोकरीला, लेक नांदेडला सासूजवळ. तिथं तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, झोपायच्या खोलीत एसी. आणि इथं हिंगोलीच्या पुढं, गोरेगावच्या अलीकडं, शेतातलं आमचं पत्र्याचं घर.

विहीणबाई कधी आवाज चढवत नाहीत. त्यामुळं त्यांच्याशी भांडता येत नाही, आणि ज्या बाईशी भांडता येत नाही तिची मला धास्तीच वाटते. त्या दिवशीही त्या गोड आवाजात म्हणाल्या, रीत ती रीतच, आमचं काही म्हणणं नाही, पण ऊन बघता ना तुम्ही, नांदेडहून तुमच्या गावापर्यंत तीन तास, पोरीला चक्कर आली तर? गाडीला एसी असला तर खुशाल न्या. नसला तर होऊ द्या इथंच, तुम्हीच या चार दिवस.

चार दिवस! माझ्या लेकीच्या बाळंतपणाला मी चार दिवस पाहुणी म्हणून जायचं. मी घरातल्या जुन्या सुती साड्या फाडून दुपटी शिवून ठेवली होती. खोलीला चुना दिला होता, वरून कडब्याचं छत घालून घेतलं होतं, हिंगोलीच्या डॉक्टरीणबाईंकडं नाव घालून ठेवलं होतं. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी लागलेली, महिनाभर दुसरं काही करायचं नाही असं मी ठरवलं होतं. त्या चार दिवसांनी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तोंडातून ते वाक्य निघून गेलं.

आमचे हे ओट्यावर बसून चहा पीत होते. त्यांना मी सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी बशीतला चहा शांतपणे संपवला आणि म्हणाले, "मंग करून टाकू चालू. त्यात काय हाय?"

हे वाक्य मी तीस वर्षं ऐकत आले आहे. आमच्या घरातली एकही वस्तू अशी नाही जिच्याबद्दल ते बोलले गेलेलं नाही. पाण्याची मोटर, मिक्सर, माझं घड्याळ, गोठ्यातला पंखा. मोटर चालू झाली होती, तेवढं मान्य करायला पाहिजे.

पहिल्या दिवशी त्यांनी बॉनेट उघडलं आणि दुपारपर्यंत आत बघत उभे राहिले. येणारा-जाणारा थांबून बघायचा. कुणी म्हणालं गॅस संपला असेल, कुणी म्हणालं उंदरानं वायर खाल्ली असेल. शेजारच्या तांड्यावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सांगितलं की गाडी सहा वर्षं गार हवेशिवाय चालते म्हणजे तिला त्याची गरज नाही, उगाच सवय लावू नका. त्यातल्या त्यात मला तेच म्हणणं शहाणपणाचं वाटलं, पण माझा इलाज नव्हता.

संध्याकाळी ह्यांनी कबूल केलं की हे काम त्यांच्या हातातलं नाही. असं त्यांनी कबूल करणं हीच आमच्या घरात मोठी गोष्ट. दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन ते नांदेडच्या रस्त्यावर वारंगा फाट्याला निघाले. तिथं ट्रकच्या केबिनचे एसी आणि रसवंतीवाल्यांचे फ्रीज दुरुस्त करणारा एक मेकॅनिक होता. लोक म्हणायचे माणूस कामाचा आहे, पण थोडा बोलतो.

मीही सोबत गेले, कारण ह्यांना एकटं सोडलं तर ते मेकॅनिकलाच शिकवत बसतात. निघताना बघते तर बॉनेटखाली जागोजागी लाल रंगाच्या खुणा. हळदीची पोती मोंढ्यात विकायला पाठवताना त्यावर आपली निशाणी टाकतात, तशी ह्यांनी कंप्रेसरवर, पाइपांवर, पंख्यावर ऑइल पेंटनं निशाणी टाकली होती. म्हणे, मेकॅनिक लोक चांगला पार्ट काढून घेतात आणि जुना बसवतात. मी म्हणाले, अहो, आपल्यापेक्षा जुना पार्ट त्यांना मिळणार कुठून? त्यांना ते पटलं नाही.

मेकॅनिकनं बॉनेट उघडलं, लाल खुणा बघितल्या आणि बराच वेळ बोललाच नाही. माणूस बोलतो असं ऐकलं होतं, म्हणून मला वाईट वाटलं. मग तो म्हणाला, "काका, ये कंपरेसर मैं रखके क्या करूं? मेरेकू तो फुकट में बी नक्को." ह्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, एक स्टूल ओढलं आणि त्याच्या कोपराजवळ बसले ते संध्याकाळपर्यंत.

गॅस भरला. गार हवा आली. खरोखरची गार हवा! काचा वर करून आम्ही परत निघालो तेव्हा मला गाडीतला आवाज ऐकू यायला लागला. सहा वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघं गाडीत ओरडल्याशिवाय बोललो. बोलण्यासारखं काही नव्हतं ही गोष्ट वेगळी. कळमनुरीपर्यंत तर मी पदर अंगभर घेऊन बसले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी एसीतून चुलीपुढं बसल्यासारखी हवा यायला लागली. पुन्हा वारंगा फाटा. मेकॅनिकनं साबणाचा फेस करून सगळ्या पाइपांना लावला आणि आम्हाला बघत बसायला सांगितलं. जिथं बुडबुडा निघेल तिथून गॅस चालला. ही पद्धत ह्यांना फार आवडली, कारण ती सायकलच्या पंक्चरसारखी होती आणि त्यांना कळत होती. बुडबुडा ह्यांनीच शोधला. मोठ्या जाळीजवळच्या जोडावर, बरोबर लाल खुणेच्या शेजारी. मेकॅनिकनं जोड बदलला, जाळीत अडकलेले किडे धुऊन काढले, पुन्हा गॅस भरला. निघताना एकच गोष्ट बजावली: गाडी बाहेर काढली नाही तरी एसी रोज अर्धा तास चालू ठेवायचा. बंद राहिला की आतलं सील वाळतं आणि पुन्हा गळती लागते.

आता आमचे हे कुणाचं ऐकत नाहीत, पण एकदा ऐकलं की अक्षर न् अक्षर ऐकतात. डॉक्टरनं सांगितलेली गोळी घड्याळ लावून घेणारा माणूस. मेकॅनिकनं अर्धा तास सांगितला म्हणजे अर्धा तास, एकोणतीस मिनिटं नाही. मला बरं वाटलं. हा माणूस लेकीसाठी एवढं करतोय हे बघून मी त्यांना रात्री पुरणपोळीसुद्धा केली.

नेमकं त्याच आठवड्यात आमच्याकडं हळदीचं पॉलिश चाललं होतं. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. शिजवून वाळवलेली हळद मोठ्या लोखंडी ढोलात घालतात, ढोल ट्रॅक्टरवर फिरवतात, आणि वरची साल घासून निघते. त्या सालीचा जो धुरळा उडतो तो अंगणात, झाडांवर, कोंबड्यांवर, सगळीकडं बसतो. त्या दिवसांत आमच्या घरात पांढरं काही शिल्लक राहत नाही. ढोल फिरतो शेडात, आणि गाडी उभी राहते तीही त्याच शेडात. ह्यांना ढोलाजवळून हलता येत नव्हतं आणि अर्धा तास चुकवायचा नव्हता. म्हणून ह्यांनी ढोल फिरत असतानाच गाडी चालू करून एसी लावला. एक दिवस नाही, चार दिवस.

मी ते डोळ्यांनी बघितलं आहे. काचा मात्र नीट बंद होत्या. मला तर वाटलं, बघा, किती काळजी घेतात. हवा आत कुठून येते हा प्रश्न आमच्या दोघांच्याही डोक्यात आला नाही, आणि मी चौथीला परिसर अभ्यास शिकवते.

न्यायच्या दिवशी पहाटे निघालो. ह्यांनी एसी एक नंबरवर ठेवला होता. बेताची गार हवा येत होती. गाडीत हळदीचा वास येत होता खरा, पण आमच्या अंगाला, कपड्यांना, अंथरुणाला महिनाभर तोच वास होता, त्यामुळं मी ह्यांना फक्त एवढंच विचारलं की आज तरी आंघोळ नीट केली का.

नांदेडला विहीणबाईंनी सगळं साग्रसंगीत केलं. लेकीची ओटी भरली, डिंकाच्या लाडवांचा डबा दिला, औषधांच्या चिठ्ठ्या पिशवीत घालून दिल्या. जेवणं होईपर्यंत गाडी खाली उन्हात उभी होती. आणि निघताना त्या स्वतःच चप्पल घालून उभ्या. म्हणाल्या, घरापर्यंत सोडायला येते, दवाखाना पण बघून घेते, संध्याकाळच्या बसनं परत येईन. मला बरोबर कळलं. तपासणीला येत होत्या. शाळेत साहेब येणार म्हटल्यावर फळा पुसतात, तशी मी धावत खाली जाऊन पुढची सीट पुसून घेतली.

त्या पुढं ह्यांच्या शेजारी बसल्या, मोतिया रंगाची साडी नेसून. मी आणि लेक मागं. अर्धापूर गेलं, गप्पा चालल्या होत्या, गार वाटत होतं, आणि मी मनातल्या मनात विहीणबाईंना म्हणत होते की बघा, आहे की नाही एसी. तेवढ्यात त्या ह्यांना म्हणाल्या, मागं पोरीपर्यंत हवा पोहोचत नसेल, जरा वाढवा की.

ह्यांनी मोठ्या रुबाबात बटण एकवरून चारवर नेलं.

आधी आतून खरवडल्यासारखा आवाज आला. मग समोरच्या चारही जाळ्यांतून हळद बाहेर आली. आली म्हणजे काय, उधळली गेली. क्षणभर मला पुढचा रस्ता दिसेना, ह्यांचं डोकं दिसेना, काहीच दिसेना. ह्यांनी गाडी कडेला घेतली हे त्यांचं नशीब आणि आमचंही. दारं उघडून सगळे बाहेर पडलो. विहीणबाई केसांपासून चपलेपर्यंत पिवळ्या. भुवया पिवळ्या, चष्मा पिवळा. त्यांनी चष्मा काढला, तर फक्त डोळ्यांभोवती त्यांचा मूळ रंग राहिला होता.

माझा जीव लेकीत. ती वाकली होती, खांदे हलत होते, मला वाटलं कळा सुरू झाल्या. जवळ गेले तर पोरगी हसत होती. दोन शिंका, मग हसणं, मग परत शिंक. तिला सासूकडं बघवत नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. मी तिला दटावलं की हसू नको, भलतंच काही होऊन बसेल. त्यावर ती आणखी हसायला लागली.

काचा खाली करून, एसी बंद करून आम्ही कसेबसे वारंगा फाट्यावर पोहोचलो. मेकॅनिक दुकानात होता. त्यानं आम्हा चौघांना बघितलं, समोरच्या जाळीत बोट घातलं, बोट नाकाला लावलं आणि ह्यांना विचारलं की गाडीत हळद कुटता का. मग त्यानंच समजावलं. आतली जाळी थंड झाली की ओली होते, त्यावर चार दिवस धुरळा बसून लेप झाला, गाडी उन्हात उभी राहिली तसा तो वाळला, आणि जोराची हवा लागली तसा सुटला. आता पूर्ण डॅशबोर्ड खोलावा लागेल, दोन दिवसांचं काम. ह्यांनी एवढंच म्हटलं की तूच तर अर्धा तास सांगितला होता. मेकॅनिकनं बोट फडक्याला पुसलं आणि तो पुढच्या ट्रककडं वळला.

म्हणजे एसी नाही. मागं नांदेड तासाभरावर, पुढं आमचं गाव दोन तासांवर, आणि डोक्यावर सूर्य. विहीणबाई आता काय म्हणणार हे मला न सांगता कळत होतं. आणि त्यांचं चुकलं असं मला म्हणता येणार नव्हतं.

शेजारच्या रसवंतीच्या मांडवात आम्ही दोघी बाकावर बसलो. लेक तिकडं नळावर तोंड धूत होती, हे गाडीच्या पलीकडं उभे राहून टायर बघत होते. टायरला काही झालं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. हळदीनं नाही. खोलीतला तो चुना, ती दुपटी, सगळं डोळ्यांपुढं आलं. मला वाटलं, आता खोटं पोटात ठेवून काय उपयोग.

मी म्हणाले, "ताई, एसी नव्हताच. सहा वर्षं बंद होता. मी तुमच्याशी खोटं बोलले. तुम्ही नेली तिला परत तर मी काही म्हणणार नाही."

विहीणबाई पदरानं चष्मा पुसत होत्या. पदरही पिवळाच होता, त्यामुळं काम काही होत नव्हतं. मान वर न करता त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं. साखरपुड्याला हिंगोलीच्या स्टँडवरून तुमी मला ह्याच गाडीतून नेलं होतं. काचा खाली होत्या."

माझा मूळ स्वभाव जागा झाला. मला हिनं आठ दिवस नाचवलं? माझा नवरा स्टुलावर बसून बसून कंबर धरून बसला, आणि हिला सगळं माहीत? मी विचारलं, चांगलं फटकळपणे विचारलं, की माहीत होतं तर ही अट कशाला घातली.

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. नळाकडं बघत म्हणाल्या, "मला वाटलं, एसी न्हाई म्हणून तुमीच म्हणाल की राहू द्या तिकडंच. मुलगा पुण्याला. आमचे हे सकाळी दुकानात जातात ते रात्रीच येतात. ती आल्यापासून घरात कुणीतरी बोलतं. ती गेली की दिवसभर फ्रीजचा आवाज ऐकत बसायचा."

हे सांगतानाही त्यांचा आवाज चढला नाही, उतरलाही नाही. माझा राग मात्र कुठल्या कुठं गेला. गेले आठ दिवस मी ह्या बाईला मनातल्या मनात काय काय म्हणत होते ते मला आठवलं आणि माझीच मला लाज वाटली. मला लेक एक होती आणि ती महिनाभरासाठी परत मिळत होती. त्यांना एकही नव्हती.

मी म्हणाले, "मग तुम्ही पण राहा आमच्याकडं. बाळंतपण होईपर्यंत. सव्वा महिना राहा."

आमच्याकडं मुलाची आई सुनेच्या माहेरी अशी राहत नाही. आली तर दुपारचं जेवण, साडीचोळी, आणि दिवस मावळायच्या आत परत. त्यांनीही तेच म्हटलं, लोक काय म्हणतील. मी सांगितलं की गावातली अर्धी माणसं माझ्या हाताखाली शिकलेली आहेत, उरलेल्यांची लेकरं शिकतायत, लोकांचं मी बघून घेते. उसाचा रस आला तो त्यांनी हळूहळू संपवला.

ऊन उतरेपर्यंत आम्ही त्या मांडवातच थांबलो. लेक बाकावर माझ्या मांडीवर डोकं आणि सासूच्या मांडीवर पाय ठेवून झोपली. पाचच्या सुमाराला रसवंतीवाल्यानं दिलेल्या पाण्यात लेकीच्या पिशवीतल्या ओढण्या भिजवून खिडक्यांना अडकवल्या. ह्यांनी गाडी चालू केली आणि मान खाली घालून विचारलं, कुणीकडं घेऊ? कुणी काही बोलायच्या आधी विहीणबाईंनी पिशवीतून फोन काढला आणि आमच्या व्याह्यांना लावला.

"उद्यापासून डबा लावून घ्या," त्या त्यांच्या त्या न चढणाऱ्या आवाजात म्हणाल्या. "महिना-दीड महिना मी न्हाई. लेकीच्या बाळंतपणाला चालले."

लेकीच्या. मी ऐकलं. पंचवीस वर्षांत ह्या एका शब्दात मी कुणाला वाटेकरी होऊ दिलं नव्हतं, तिच्या आत्यांनासुद्धा नाही. दुसरा कोणताही दिवस असता तर मी तिथल्या तिथं म्हणाले असते की सुनेच्या म्हणा. त्या दिवशी मी मागच्या सीटवर सरकून, लेकीला मधे घेऊन, त्यांच्यासाठी तिच्या दुसऱ्या बाजूला जागा केली.